जुन्या स्मिथ्स आरपीएम मीटरची इलेक्ट्रॉनिक इग्निशनशी जुळवणी

जुन्या ब्रिटिश गाडीतले पॉइंट, म्हणजे इग्निशन कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, आयडलिंगही सुधारलं. पण डॅशबोर्डवरचा आरपीएम मीटर मेला, नाहीतर ८०० च्या आयडलिंगला २००० दाखवायला लागला. अशा वेळी बहुतेक जण मीटर जळाला असं समजून दुरुस्तीला पाठवतात आणि तो तिथे ठणठणीत चालतो. मीटरमध्ये दोष नसतोच. त्याला जो सिग्नल ओळखता येतो, तो नव्या इग्निशनमुळे बदललेला असतो किंवा त्या वायरमधून यायचाच थांबलेला असतो.

म्हणून इग्निशन मागवण्याआधी आपला मीटर नेमकं काय मोजतो, हे कळायला हवं. या लेखात मुख्य उदाहरण एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं घेतलं आहे. केबलने फिरणारा, करंट मोजणारा आणि व्होल्टेज मोजणारा असे तिन्ही प्रकारचे मीटर या एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या काळात लागले. त्यामुळे एमजीबी समजली की त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या समजतात.

मीटरची जात ओळखा

सगळ्यात आधी मीटरच्या पाठीमागे बघा. स्पीडोमीटरसारखी जाड केबल आटे फिरवून बसवलेली असेल, तर तो मीटर यांत्रिक आहे आणि त्याला इग्निशनशी काही देणंघेणं नाही. एमजीए, १९६४ पर्यंतची एमजीबी आणि ट्रायम्फ टीआर२ ते टीआर६ या गाड्या अशा आहेत. टीआर मालिकेत मात्र एक खाच आहे: मीटरच्या केबलची जोड डिस्ट्रिब्यूटरच्याच (प्लगना स्पार्क वाटून देणाऱ्या भागाच्या) अंगावर असते. जुना डिस्ट्रिब्यूटर ठेवून आत पॉइंटच्या जागी फक्त इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलंत तर प्रश्न नाही. पण अख्खा डिस्ट्रिब्यूटर बदलणार असाल तर केबलची जोड असलेलाच प्रकार मागवा, नाहीतर मीटर फिरवायला काहीच उरणार नाही. जग्वारच्या मार्क २ आणि सुरुवातीच्या ई-टाइपमध्ये कॅमशाफ्टवर फिरणारा छोटा एसी जनरेटर मीटरला वीज देतो. तिथेही इग्निशन बदलल्याने फरक पडत नाही.

मागे केबल नसेल तर डायलच्या खालच्या काठावरची बारीक अक्षरं वाचा. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या मीटरवर तिथे 'आरव्हीआय' किंवा 'आरव्हीसी' असा संकेत आणि त्यापुढे आकडा असतो. आरव्हीआय म्हणजे करंट ओळखणारा, आरव्हीसी म्हणजे व्होल्टेज ओळखणारा. एमजीबीत १९६४ च्या शेवटापासून साधारण १९७२ पर्यंत आरव्हीआय आणि त्यानंतर आरव्हीसी लागला. पण एवढ्या जुन्या गाडीत कोणी कधी काय बदललं असेल याचा नेम नाही. गाडीच्या सालावर जाऊ नका, डायल वाचा.

डायल पुसट झाला असेल तर वायरी बघा. आरव्हीआयच्या पाठीला दोन पांढऱ्या वायरी असतात: एक इग्निशन स्विचकडून येते, दुसरी इग्निशन कॉइलकडे, म्हणजे स्पार्कसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या भागाकडे, जाते. सुरुवातीच्या मीटरांत ही पांढरी वायर अखंड असते आणि पाठीवरच्या छोट्या प्लास्टिकच्या ठोकळ्याभोवती वेढा घेऊन पुढे जाते. नंतरच्या मीटरांत वेढा आत गेला आणि बाहेर दोन बुलेट जोड राहिले. आरव्हीसीला सिग्नलची एकच वायर असते, पांढरी आणि तिच्यावर काळी रेघ, थेट कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलवरून आलेली. दोन्ही जातींना याखेरीज हिरवी सप्लायची, काळी अर्थची आणि लाल-पांढरी दिव्याची वायर असते.

रंगही उडालेले असतील तर बॅटरी सोडवून मल्टिमीटर लावा. आरव्हीआयच्या दोन जोडांमध्ये जवळजवळ शून्य ओहम दिसतात, कारण मध्ये जाड तारेचे एकदोन वेढे सोडले तर काहीच नसतं.

याच वेळी अर्थ कुठला तेही बघून घ्या. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. डायलवर बहुतेकदा पॉझिटिव्ह की निगेटिव्ह अर्थ हे छापलेलं असतं. गाडीचा अर्थ मधल्या काळात कोणी उलटवला असेल आणि मीटर तसाच राहिला असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळं मिळतं. चुकीच्या अर्थवर जोडलेलं मॉड्यूल इग्निशन चालू केल्याबरोबर मरतं, आणि त्यावर वॉरंटी कोणी देत नाही.

आत काय चालतं

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत सिलिंडरच्या निम्म्या स्पार्क पडतात. चार सिलिंडरला दोन, सहाला तीन, आठला चार. ३००० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला १०० स्पार्क देतं. मीटर हे ठोके मोजतो. प्रत्येक ठोक्याला आतलं ट्रान्झिस्टरचं सर्किट ठरलेल्या लांबीचा एक करंटचा ठोका काट्याच्या कॉइलला देतं. ठोके वाढले की सरासरी करंट वाढतो आणि काटा वर जातो. दोन्ही जातींत इथपर्यंत तत्त्व एकच. फरक आहे तो ठोका कुठून घेतला जातो यात.

आरव्हीआयमध्ये कॉइलला जाणारा सगळा करंट मीटरच्या पाठीवरच्या लोखंडी गाभ्याभोवती फिरून जातो. पॉइंट मिटले की साधारण चार अँपिअर वाहतात, उघडले की शून्य. गाभ्यावरची आतली बारीक वाइंडिंग हा चढउतार टिपते. म्हणजे हा मीटर कॉइलच्या सप्लायमध्ये सीरिजमध्ये बसलेला आहे. त्याचा एक बुलेट जोड निसटला तर इंजिनच बंद पडतं! रस्त्यात असं झालं तर दोन्ही पांढऱ्या वायरी एकमेकींना जोडा. मीटर चालणार नाही, पण गाडी घरी येईल.

आरव्हीसी कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलवर डोळा ठेवून असतो. पॉइंट उघडताना तिथे २०० ते ४०० व्होल्टचा क्षणिक झटका उठतो आणि मीटर तो झटका मोजतो. या वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही. ती तुटली तरी इंजिन चालू राहतं.

अमेरिकन गाड्यांतही हीच विभागणी आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फोर्ड मस्टँगचा मूळ मीटर करंट ओळखणारा, तर जनरल मोटर्सचे मीटर कॉइलच्या निगेटिव्हवर चालणारे.

नवं इग्निशन कुठल्या जातीचं

बाजारातल्या किट मीटरच्या दृष्टीने दोनच गटांत पडतात.

पहिला गट इंडक्टिव्ह. पॉइंटच्या जागी चुंबक आणि तो ओळखणारा हॉल सेन्सर, किंवा प्रकाशाचा सेन्सर. कॉइल जुन्याच पद्धतीने चालते, फक्त तिचा करंट पॉइंटऐवजी ट्रान्झिस्टर तोडतो. पर्ट्रॉनिक्स इग्निटर, ल्युमेनिशन आणि १२३ इग्निशनचे पूर्ण डिस्ट्रिब्यूटर या गटातले. इथे कॉइलमधला करंटही ठोक्याठोक्याने वाहतो आणि निगेटिव्हवर झटकाही उठतो. त्यामुळे दोन्ही जातींचे मीटर बहुधा चालतात, थोडी जुळवाजुळव लागते एवढंच.

दुसरा गट सीडीआय, म्हणजे कपॅसिटर भरून तो कॉइलमध्ये रिकामा करणारे डबे. एमएसडी ६ मालिका त्यातली सर्वांत ओळखीची. इथे कॉइलला बारा व्होल्ट मिळतच नाहीत. डबा साडेचारशे व्होल्टच्या आसपासचा छोटा ठोका थेट कॉइलच्या पॉझिटिव्हवर मारतो. जाड वायरी बॅटरीवरून डब्याला जातात आणि इग्निशन स्विचच्या वायरीतून फक्त 'चालू हो' इतका इशारा येतो. आरव्हीआयच्या वेढ्यातून आता मोजण्यासारखं काही वाहत नाही, म्हणून काटा शून्यावर पडून राहतो. आरव्हीसी कॉइलच्या निगेटिव्हवर ठेवला तर तो भलतंच काही दाखवतो. शिवाय त्या टर्मिनलला हात लागला तर जोरदार शॉक बसतो.

रोजच्या वापराच्या किंवा रविवारी बाहेर काढायच्या गाडीला सीडीआयची गरज नसते. मूळ मीटर जपायचा असेल तर इंडक्टिव्ह किट घ्या. अर्ध्याहून जास्त कटकट तिथेच संपते.

सामान

डिजिटल मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, हीट-श्रिंक स्लीव्ह, ब्रिटिश मापाचे बुलेट जोड. कॉइलच्या सप्लायसाठी २ चौरस मिलिमीटरची आणि सिग्नलसाठी १ चौरस मिलिमीटरची ऑटोमोटिव्ह वायर. घरातल्या वायरिंगची उरलेली वायर वापरू नका. तिचं आवरण बोनेटखालच्या तेलाला आणि उष्णतेला टिकत नाही. १०, २२ आणि ४७ किलोओहमचे अर्धा वॉटचे रेझिस्टर दोन-दोन घ्या. पाव वॉटचे साधारण २५० व्होल्टपर्यंतच झेपतात आणि कॉइलचा झटका त्याहून मोठा असतो. वॉट नव्हे, व्होल्ट बघून रेझिस्टर निवडायचा, हे इथे बरेच जण चुकतात.

आणि पुलीवर चमकती पट्टी चिकटवून लेझरने आरपीएम मोजणारं हातातलं यंत्र. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतं. इग्निशनच्या वायरीशी त्याचा संबंध नसल्यामुळे त्याचा आकडा खरा मानता येतो. प्लगच्या वायरीला चिमटा लावणारे मीटर आणि टायमिंग लाइटवरचे आकडे मल्टीस्पार्क (एका ऐवजी अनेक स्पार्क मारणाऱ्या) डब्यावर स्वतःच फसतात.

जुळवणी: इंडक्टिव्ह किट

पायरी १. पॉइंट अजून आहेत तोवरच मीटर तपासा. लेझर लावून ८००, १५००, २५०० आणि ३५०० ला मीटर काय दाखवतो ते लिहून ठेवा. पन्नास वर्षांत आतले कार्बनचे रेझिस्टर आणि कपॅसिटर सरकलेले असतात, त्यामुळे पॉइंटवरही मीटर दहा टक्के चुकत असू शकतो. ही नोंद नसेल तर पुढे दोष जुना की नवा हे कळणार नाही.

पायरी २. कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. दोन्ही वायरी काढून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. बॅलास्ट (कॉइलच्या सप्लायमध्ये सीरिजमध्ये बसवलेला रेझिस्टर) नसलेल्या मूळ कॉइलला साधारण ३ ओहम येतात, १.५ च्या आसपास आले तर ती बॅलास्टवर चालणारी कॉइल आहे. चार सिलिंडरवरच्या पर्ट्रॉनिक्सच्या पहिल्या इग्निटरला ३ ओहमची कॉइल लागते. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर करंट दुप्पट होतो, मॉड्यूल तापून मरतं, आणि मरेपर्यंत आरव्हीआय वेडेवाकडे आकडे दाखवत राहतो.

पायरी ३. बॅटरी सोडवा. डिस्ट्रिब्यूटरमधून पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढा. 'राहू दे, काय बिघडतं' म्हणून कंडेन्सर ठेवू नका. कॉइलच्या निगेटिव्हवर राहिलेला कंडेन्सर झटका बोथट करतो आणि आरव्हीसीचा काटा लटपटतो. काही गाड्यांत कॉइलवर रेडिओची खरखर थांबवणारा वेगळा कपॅसिटर असतो. तो स्विचकडच्या टर्मिनलवर असेल तर आरव्हीसीला त्रास नाही. आरव्हीआयच्या बाबतीत मात्र तो मीटर आणि कॉइल यांच्या मध्ये बसून करंटच्या चढउताराची धार घालवतो, म्हणून तात्पुरता सोडवून बघा.

पायरी ४. मॉड्यूल बसवा. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत इग्निटरच्या काळ्या वायरीची जागा कॉइलचं निगेटिव्ह टर्मिनल. लाल वायर सगळे जण कॉइलच्या पॉझिटिव्हवर लावतात, कारण ते जवळ असतं. गाडीत बॅलास्ट असेल तर हे चुकतं: मॉड्यूलला पूर्ण बारा व्होल्ट हवेत आणि बॅलास्टनंतर ते मिळत नाहीत. आरव्हीआय असेल तर आणखी एक कारण आहे. लाल वायर मीटरच्या आधी, म्हणजे इग्निशन स्विचकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरीवर घ्या. मग मीटरच्या वेढ्यातून फक्त कॉइलचा स्वच्छ करंट जातो. थोडी लांब वायर ओढावी लागते, पण फायद्याचं आहे.

पायरी ५. प्लगच्या वायरी तपासा. नुसत्या तांब्याच्या वायरी असतील तर सप्रेशनवाल्या घाला. तांब्याच्या वायरीतून उडणारी गडबड मॉड्यूललाही फसवते आणि मीटरलाही. मीटरच्या सिग्नलची वायर प्लगच्या वायरींच्या झुपक्यातून नेऊ नका.

पायरी ६. बॅटरी जोडा, सुरू करा, लेझरशी ताडून बघा. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून मीटर चाचपत बसू नका. साध्या मॉड्यूलमध्ये कॉइलचा करंट तोडणारं संरक्षण नसतं. चुंबक नेमका सेन्सरसमोर थांबला असेल तर कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात.

आकडे पहिल्या नोंदीशी जुळले तर इथेच थांबा. केस उघडायचा मोह आवरा.

जुळत नसेल तेव्हा: आरव्हीआय

काटा वर उड्या मारतो किंवा एकसारखा जास्त दाखवतो. ट्रान्झिस्टर करंट इतका चटकन तोडतो की मागोमाग उठणारी थरथरही मीटरला ठोका वाटते. बाहेर वेढा असलेल्या मीटरवर याचा उपाय सोपा आहे: ठोकळ्याभोवती दोन वेढे असतील तर एक काढा, वायर एकदाच आरपार जाऊ द्या. मीटरला मिळणारा इशारा निम्मा होतो, थरथर मोजण्याइतकी उरत नाही आणि खरा ठोका तरीही पुरतो.

काटा आयडलिंगला ठीक, पण वर गेल्यावर पडतो. हे बरोबर उलट, इशारा कमी पडतो आहे. जास्त रेझिस्टन्सच्या कॉइलवर किंवा ड्वेल, म्हणजे कॉइलमध्ये करंट वाहण्याचा वेळ, स्वतः कमीजास्त करणाऱ्या मॉड्यूलवर असं होतं. एक वेढा वाढवा. तीनपेक्षा जास्त वेढे ठोकळ्यात मावत नाहीत आणि सहसा लागतही नाहीत.

काटा अजिबात हलत नाही. आधी हिरव्या वायरीत बारा व्होल्ट आहेत का आणि काळी वायर खरोखर अर्थला आहे का ते बघा. डॅशबोर्डचा रंग नवा असेल तर मीटरच्या पट्टीखालून अर्थ मिळतच नाही. ते ठीक असेल तर वेढ्याची दिशा उलटवा. करंट कुठल्या बाजूने शिरतो याला महत्त्व असतं, आणि गाडी पॉझिटिव्हवरून निगेटिव्ह अर्थवर आणताना हे हमखास विसरलं जातं. तशा मीटरमध्ये आतल्या सर्किटची सप्लाय आणि अर्थही अदलाबदल करावी लागते. नुसता वेढा फिरवून काम भागत नाही.

आतल्या वेढ्याच्या मीटरमध्ये वेढे कमीजास्त करता येत नाहीत. तिथे दोन बुलेट जोड एकमेकांत बदलून बघणं एवढंच बाहेरून शक्य आहे. त्याने जमलं नाही तर खाली दिलेला बोर्डाचा मार्ग.

जुळत नसेल तेव्हा: आरव्हीसी

हा तुलनेने गुणी मीटर आहे. काटा थरथरत असेल किंवा जास्त दाखवत असेल तर पांढऱ्या-काळ्या वायरीत कॉइलजवळ १० किलोओहमचा रेझिस्टर सीरिजमध्ये टाका. फरक पडला पण पुरेसा नाही, तर २२, मग ४७. काटा मध्येच शून्यावर पडायला लागला की एक पायरी मागे या. रेझिस्टर मीटरजवळ न लावता कॉइलजवळच लावावा, म्हणजे मधली लांब वायर थरथर पकडत नाही. सोल्डर करून वर हीट-श्रिंक चढवा. लोंबकळता रेझिस्टर धक्क्यांनी तुटतो.

बॅलास्टवाल्या गाडीत कॉइल बदलून ३ ओहमची लावली असेल तर बॅलास्टला वळसा घालावाच लागतो. एमजीबीच्या शेवटच्या वर्षांत हा बॅलास्ट वेगळा डबा नसून वायरिंगमधलीच रेझिस्टन्सची वायर आहे, गुलाबी-पांढऱ्या रंगाची. ती तोडू नका, टोकं झाकून ठेवा आणि स्विचकडून नवी वायर आणा. पुढे मूळ स्थितीत यायचं झालं तर कामी येते.

सीडीआय असेलच तर

डब्यावर आरपीएम मीटरसाठी वेगळं टर्मिनल असतं आणि तिथे बारा व्होल्टचा चौकोनी ठोका मिळतो. आधुनिक मीटरला तो पुरतो. आरव्हीसीला शेकडो व्होल्टच्या झटक्याची सवय, त्यामुळे काही मीटर या बारा व्होल्टवर चालतात, काही नाहीत. आधी तेच करून बघा, आधीपासून घातलेला रेझिस्टर काढून. चाललं नाही तर डबा बनवणाऱ्याकडूनच मीटरसाठी अडॅप्टर घ्या. करंट ओळखणाऱ्या आणि व्होल्टेज ओळखणाऱ्या मीटरचे अडॅप्टर वेगवेगळे असतात, मागवताना मीटरची जात सांगा.

एमएसडीचा डबा साधारण ३००० आरपीएमच्या खाली एका ऐवजी अनेक स्पार्क मारतो, वर एकच. मीटर चुकून कॉइलवरच जोडलेला असेल तर खाली काटा सैरभैर आणि ३००० ओलांडल्यावर अचानक शहाणा, असं चित्र दिसतं. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधत बसू नका, जोड चुकीच्या टर्मिनलवर आहे.

केस उघडणं, बोर्ड बदलणं, आकडा बसवणं

सगळं करूनही आरव्हीआय ऐकत नसेल तर आतलं जुनं सर्किट काढून व्होल्टेजवर चालणारा नवा बोर्ड बसवतात. डायल, काटा, काच, सगळं मूळ राहतं. ब्रिटनमध्ये खास या मीटरांसाठी तयार बोर्ड मिळतात. सीडीआय आणि आरव्हीआय एकत्र नांदवायचे असतील तर हाच मार्ग सगळ्यात कमी त्रासाचा.

मीटर काढताना बॅटरी सोडवा आणि मागच्या कंगोरेदार नटांनी धरलेली पट्टी काढा. दिव्याचे होल्डर नुसते ओढून निघतात. समोरची कडी खाचांशी जुळेपर्यंत फिरवली की सुटते. ती उचकटू नका; वाकलेली क्रोमची कडी पुन्हा गोल होत नाही. काच आणि रबर काढून ठेवा, पाठीवरचे दोन स्क्रू काढले की आतलं यंत्र मोकळं होतं. काट्याला बोट लावायचं नाही, डायलवर श्वाससुद्धा बेताने. जुना रंग पुसला जातो आणि काट्यामागची केसासारखी स्प्रिंग एका धक्क्याने वाकते.

नवा बोर्ड बसला की दोन्ही पांढऱ्या वायरी बाहेर एकमेकींना सोल्डरने कायमच्या जोडा आणि स्लीव्ह चढवा. यातून कॉइलचा सगळा करंट जाणार आहे, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी चालणार नाही. मग कॉइलच्या निगेटिव्हवरून, किंवा सीडीआयच्या मीटर-टर्मिनलवरून, १ चौरस मिलिमीटरची नवी वायर मीटरपर्यंत आणा.

आकडा बसवण्यासाठी आत छोटा फिरता रेझिस्टर असतो, जुन्या सर्किटवरही आणि नव्या बोर्डावरही. टेबलावर सिग्नल जनरेटर असेल तर गणित सोपं आहे: आरपीएमला सिलिंडरच्या संख्येने गुणा आणि १२० ने भागा, तेवढे हर्ट्झ. १०० हर्ट्झला चार सिलिंडरचा मीटर ३०००, सहाचा २०००, आठचा १५०० दाखवायला हवा. जुना आरव्हीआय टेबलावर तपासायचा तर नुसता सिग्नल पुरत नाही. जनरेटरने मॉसफेट (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) चालवा आणि बारा व्होल्टवरून ३ ओहम ५० वॉटच्या रेझिस्टरमधून चार अँपिअरचे ठोके वेढ्यातून जाऊ द्या. रेझिस्टर चांगलाच तापतो, लाकडावर ठेवू नका.

टेबलाची सोय नसेल तर यंत्र केसबाहेर ठेवून गाडीतच जोडा आणि लेझर पुलीवर धरा. काटा शून्यावर नीट बसतो का ते आधी बघा, मग ३००० ला आकडा जुळवा आणि शेवटी १००० व ४००० ला पडताळा. मधल्या आकड्याला जुळवलं तर दोन्ही टोकांची चूक वाटली जाते. खाली शंभरभर आरपीएम इकडेतिकडे राहिले तर सोडून द्या. स्मिथ्सचा हा मीटर नवा असतानाही त्याहून फार काटेकोर नव्हता.

रस्त्यावरची पडताळणीही होते. मूळ मापाच्या टायरवर एमजीबी चौथ्या गिअरमध्ये, ओव्हरड्राइव्ह बंद असताना, दर १००० आरपीएमला ताशी सुमारे २९ किलोमीटर जाते. जीपीएसवर ८७ चा वेग स्थिर धरला की काटा ३००० वर हवा.

अँबेसिडर आणि पद्मिनीवाल्यांसाठी

या गाड्यांना सहसा कारखान्यातून आरपीएम मीटर येत नसे; जो दिसतो तो नंतर बसवलेला आणि जवळजवळ नेहमी व्होल्टेजवर चालणारा असतो. त्यामुळे वेढ्यांची भानगड नाही, आरव्हीसीचे सगळे उपाय जसेच्या तसे लागू. मागे ४, ६, ८ सिलिंडरचं बटण असेल तर ते ४ वर आहे ना बघा. ८ वर राहिलं की मीटर निम्मं दाखवतो.

अँबेसिडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन एमजीबीच्याच बीएमसी बी-सीरिज घराण्यातलं. म्हणून लुकास २५डी४ डिस्ट्रिब्यूटरसाठी बनलेली मॉड्यूल तिला चालतील असं अनेकांना वाटतं. डिस्ट्रिब्यूटर खरोखर त्याच नमुन्याचा असेल तर बसतातही. पण मागवण्याआधी टोपी काढून बेसप्लेट आणि कॅमचा आकार किटच्या फोटोशी ताडून बघा. डिस्ट्रिब्यूटर मधल्या काळात बदललेला असण्याची शक्यता बरीच, आणि चुंबकाची कडी कॅमवर अर्धा मिलिमीटर जरी सैल बसली तरी टायमिंगही हलतं आणि काटाही.